वाटेवरचा रांजण

प्रवासाला निघालो, की मला पोहोचायची घाई. गेल्या वर्षी अंबरनाथ पूर्वेहून जुन्नरला निघालो, तर आईनं गाडी आधी शिवमंदिराकडे वळवायला लावली. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ आहे. गाभारा जमिनीखाली, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघ्यांमुळे आई सभामंडपातच बसली.

पुढे माळशेजमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गेलो. सातवाहनकाळी कल्याण बंदरातला माल याच घाटानं जुन्नरला चढे. तिथला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा, असं सांगतात. नातवंडांना तो दाखवताना आई थकवा विसरली.

मुक्कामी पोहोचायला रात्र झाली, मी कुरकुरलो. ती तिची शेवटची सहल ठरली. आता वाटेत कुणी ‘थांब’ म्हटलं, की मी थांबतो.