माणसांचा भूगोल : ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी

भूगोल म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक चित्र हटकून उभे राहते. भिंतीवर टांगलेला नकाशा, मास्तरांच्या हातातली छडी, आणि एका सुरात म्हटलेली नद्यांची, घाटांची व राजधान्यांची नावे. ही नावे आम्ही परीक्षेपुरती पाठ केली आणि परीक्षा संपताच विसरलो. पुढे आमच्यापैकी जे शिकले ते गणिताकडे, शास्त्राकडे, वाणिज्याकडे गेले. भूगोल हा मागे राहिलेल्यांचा विषय, अशी आपल्या घराघरांतून समजूत होऊन बसली. ती समजूत किती चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत आपण कशी देत आहोत, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वराच्या देवळाबाहेर उभे राहून ब्रह्मगिरीकडे पाहिले तरी पुरे.

ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पाऊस पडतो. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब गोदावरीचा होतो आणि १४६५ किलोमीटरची वाट चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. याच डोंगररांगेतून वैतरणाही निघते. तिच्या वाट्याला आलेला थेंब पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातो, आणि तो समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. येथपर्यंतचा भूगोल प्राकृतिक झाला. तो आपण शाळेत शिकलो. पण याच थेंबांविषयी दुसरे प्रश्न विचारता येतात. वैतरणेचे पाणी धरणांत अडवून मुंबईच्या नळांना जाते, ते का? गोदावरीचे पाणी गंगापूर धरणात साठून नाशिक शहर पिते, हे कोणी व केव्हा ठरविले? आणि ज्या डोंगरावर हा सारा पाऊस पडतो, त्याच डोंगराच्या पाड्यांवरील बाया चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन आटलेल्या झऱ्याची वाट का तुडवतात? हे प्रश्न विचारले की प्राकृतिक भूगोल संपतो आणि मानवी भूगोल सुरू होतो.

या शास्त्राचे वय फार नाही. जर्मनीतील फ्रीडरिख रात्सेल यांनी १८८२ साली मानव आणि भूमी यांच्या संबंधावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. भूमी माणसाला घडविते, या बाजूवर त्यांचा भर होता. त्यांच्या काही अनुयायांनी हा विचार इतका ताणला की, अमुक हवेतली माणसे उद्यमी व तमुक हवेतली आळशी, असले निष्कर्ष निघू लागले. आणि राज्य करणाऱ्यांना ते सोयीचेही वाटले. फ्रान्समधील व्हिदाल द ला ब्लाश व त्यांचे शिष्य झाँ ब्रून यांनी या विचाराला मुरड घातली. निसर्ग माणसापुढे काही शक्यता ठेवतो, त्यांतून निवड माणूस करतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

हा वाद पुस्तकी वाटेल; पण तो आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येतो. त्र्यंबकच्या बाजूला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला निफाड-येवल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास पडतो. निसर्गच सारे ठरवीत असता, तर द्राक्षांचे मळे आणि पैसा त्र्यंबककडे असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो निफाडकडे आहे. येथे पाऊस येतो, काळ्या कातळावरून धावतो आणि दिवाळीपर्यंत निघून जातो. भात, नागली, वरई यांचे एक पीक हाती लागते. तेथे पाऊस थोडा, परंतु सपाट काळी जमीन, विहिरी, कालवे, सोसायटीचे कर्ज, पक्का रस्ता आणि माल उचलणारी बाजारपेठ यांची जोड मिळाली. पाऊस देवाने दिला असेल. द्राक्षबाग मात्र माणसांच्या निर्णयांनी उभी राहिली. हे ज्या विद्यार्थ्याला एकदा उमगले, तो पुढे कोणाच्याही गरिबीचे खापर तिच्या नशिबावर किंवा जातीवर फोडणार नाही. आमच्या मते या विषयाची पहिली कमाई हीच.

आता हा विषय शाळकरी वयात झेपेल काय, अशी शंका पालक घेतात. तिचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला भूगोल हा ऐच्छिक विषय आहे. बारावीसाठी २०२० साली आलेल्या पाठ्यपुस्तकात लोकसंख्या, मानवी वस्ती व भूमी उपयोजन, प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक आर्थिक क्रिया आणि प्रादेशिक विकास असे पाठ आहेत. म्हणजे पुस्तक बहुतांशी माणसांच्या भूगोलाचेच आहे. केंद्रीय परिषदेनेही बारावीसाठी मानवी भूगोलाच्या मूलतत्त्वांवर एक व भारतातील लोक आणि अर्थव्यवस्था यांवर दुसरे, अशी दोन पुस्तके काढली. तिकडे अमेरिकेत कॉलेज बोर्ड या संस्थेने माध्यमिक शाळेतील मुलांसाठी महाविद्यालयाच्या तोडीचा मानवी भूगोलाचा अभ्यासक्रम आखला. त्याची पहिली परीक्षा २००१ साली झाली. लोकसंख्या व स्थलांतर, संस्कृती, राज्ये व सीमा, शेती, शहरे, उद्योग व विकास, आणि या सर्वांच्या आधी भूगोलाच्या दृष्टीने विचार कसा करावा, असे त्याचे सात भाग आहेत. चौदा-पंधरा वर्षांची मुलेही त्याला बसतात. चांगली उत्तीर्ण झाली तर अनेक महाविद्यालये त्यांना त्या विषयाचे श्रेय देऊन टाकतात.

म्हणजे वयाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो विषय कसा शिकविला जातो याचा. या विषयाची सारी मदार तीन साध्या प्रश्नांवर आहे : एखादी गोष्ट कोठे आहे? ती तेथेच का आहे? आणि ती तेथे असल्यामुळे काय होते? पहिल्याचे उत्तर नकाशा देतो, दुसऱ्याचे विचार देतो, तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा माणसांना विचारावे लागते. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. खुणांची दाटी एका सार्वजनिक पंपाभोवती दिसली. रोग दुर्गंधीतून पसरतो असे त्या काळी बहुतेक जाणते म्हणत होते. तो पाण्यातून पसरतो, हे स्नो यांचे म्हणणे त्या नकाशाने बळकट केले. कोठे हा प्रश्न नीट विचारला की का याची वाट अशी उघडते.

आता हीच रीत आपल्या अंगणात लावून पाहू. लोकांचे स्थलांतर घ्या. रावेनस्टाइन या अभ्यासकांनी १८८५ साली इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे थोड्या अंतरावरच जातात; लांब जाणारी मोठ्या व्यापार-उद्योगाच्या शहरांकडे जातात; जवळच्या अंतरावर स्त्रियांचे स्थलांतर पुरुषांहून अधिक असते. त्र्यंबकच्या पाड्यांवर हे नियम तपासता येतात. भाताची कापणी उरकली की कित्येक कुटुंबे घराला कडी लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा नाशिकच्या बांधकामांवर जातात. याला त्या भागात 'जगायला जाणे' असा शब्द आहे. किती अर्थ आहे त्या दोन शब्दांत! जेथे घर आहे तेथे जगता येत नाही, आणि जेथे जगता येते तेथे घर नाही. पुस्तकात यालाच 'हंगामी स्थलांतर' म्हणतात. अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे. म्हणजे पहिला नियम खरा. आणि स्त्रियांचे काय? आपल्या जनगणनेत स्थलांतरित स्त्रियांचा आकडा फार मोठा असतो, व त्यांतील बहुसंख्यांचे कारण विवाह हे असते. माहेर सोडून आलेली आपली आई ही जनगणनेच्या लेखी स्थलांतरित आहे, हे वर्गात कळते तेव्हा मुले आधी हसतात आणि मग गप्प होतात. त्या गप्प होण्यातच शिक्षण असते. वर्गातील एखाद्या बाकावर मार्गशीर्षापासून कोणी का बसत नाही, याचाही उलगडा त्यांना याच पाठात होतो.

दुसरे उदाहरण यात्रेचे. २०११ च्या जनगणनेत त्र्यंबकची वस्ती सुमारे बारा हजार होती. परंतु या गावाचा व्याप बारा हजारांचा नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी गावोगावच्या दिंड्या येतात. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. आणि बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २००३ झाला, २०१५ झाला, आता २०२६-२७ चा. बारा हजारांसाठी असलेले रस्ते, गटारे व पाणी त्या वेळी लक्षावधींना पुरवावे लागते, आणि गर्दी ओसरल्यावर जे उभारले ते बारा हजारांनाच वागवावे लागते. एखाद्या नगररचनाकाराची झोप उडावी असा हा प्रश्न आहे, आणि तो येथील विद्यार्थ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसला आहे. गावातल्या गोदावरीच्या पात्राचा काही भाग काँक्रीटखाली झाकला गेला आहे. ते सोयीचे की घाताचे, यावर मोठ्या माणसांत वाद आहेत. मुलांनी निदान कोठपासून कोठपर्यंत, हे तरी पावलांनी मोजून नकाशावर आणावे. मोजमापाशिवाय वाद म्हणजे नुसता आवाज.

यात्रेकरू येतात कोठून? याचेही साधन गावातच आहे. तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. अमुक गावचे, अमुक आडनावाचे, कोणाचे पुत्र व कोणाचे नातू, अशा नोंदी आणि खाली यजमानाची सही. धर्मदृष्ट्या ती वंशावळ. भूगोलाच्या दृष्टीने ती माणसांच्या येण्याजाण्याची बखर आहे. एखादे घराणे आजोबांच्या वेळी कोकणातले म्हणून नोंदलेले आणि नातवाच्या वेळी इंदूरचे किंवा बडोद्याचे म्हणून आलेले, असे त्यात सापडू शकते. अर्थात ही घरगुती ठेव आहे. उपाध्यायांच्या अनुमतीने, नावे वगळून, केवळ गावे मांडावीत. पण तेवढ्यानेही त्र्यंबकचे मनुष्य-क्षेत्र नकाशावर उभे राहील. इरावती कर्वे यांनी पंढरपूरच्या वारीविषयी लिहिताना, जेथील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा आशयाचा विचार मांडला होता. प्रदेश हा रेघांनी बनत नाही, माणसांच्या पावलांनी बनतो, हे त्यातून ध्यानात येते. अ‍ॅन फेल्डहाउस या विदुषींनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्या व यात्रा यांच्या आधारे हाच धागा पुढे नेला. परदेशच्या विदुषींना येथे येऊन शोधावेसे वाटले, ते आपल्या मुलांना दारात बसून शिकता येते.

आक्षेप ठरलेला आहे : याने पोट भरेल काय? उत्तर देण्यास आम्ही कचरत नाही. जमीन-मोजणी, नगररचना, पाणीपुरवठा, उपग्रहचित्रांचे वाचन, संगणकावरील नकाशे, स्पर्धापरीक्षा, या सर्वांना हा विषय उपयोगी पडतो. परंतु केवळ या उत्तरावर विषयाची बाजू मांडणे आम्हांस कमीपणाचे वाटते. त्र्यंबकचा मुलगा पुढे पुरोहित होवो, दुकान घालो, सातपूरच्या कारखान्यात जावो की पाड्यावर शेती करो; आपल्या गावाचे पाणी कोठे जाते, आपली माणसे कोठे जातात आणि आपल्याकडे कोण का येते, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या गावाचे निर्णय दुसरेच घेणार. सिंहस्थाचा आराखडा होईल, रस्ता रुंद होईल, धरणाची रेघ ओढली जाईल. आणि आपण दारात उभे राहून ती रेघ कोणाच्या शेतातून गेली एवढेच पाहत बसू. नकाशा वाचता येणे ही एक प्रकारची साक्षरता आहे, आणि ती नसली तर अंगठाच उमटवावा लागतो.

यासाठी फार खर्चही नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार कामे मुलांना सांगावीत. आपल्या आळीतील प्रत्येक विहीर, आड व नळ नकाशावर मांडून, कोणता कोणत्या महिन्यात आटतो ते लिहावे. आजोबा, वडील व आपण स्वतः कोठे जन्मलो व कोठे राहतो, याच्या रेघा ओढाव्यात. बाजाराच्या दिवशी येणारी भाजी किती अंतरावरून येते ते विक्रेत्यांना विचारावे. आणि एखाद्या पाड्यावर जाऊन, दिवाळीनंतर किती घरांना कड्या लागतात ते त्यांच्याच तोंडून समजून घ्यावे. उपकारकर्त्याच्या ऐटीने नव्हे, विद्यार्थ्याच्या नम्रतेने.

येत्या जून महिन्यात आपल्यापैकी कोणाच्या घरी अकरावीचा अर्ज भरला जाईल. मुलीने किंवा मुलाने भूगोल मागितला, तर कपाळाला आठी घालण्यापूर्वी त्याला घेऊन एकदा गंगाद्वाराच्या पायऱ्या चढाव्यात. तेथून खाली देवळाचे शिखर, कुशावर्ताभोवतीची दाटी, नाशिकचा रस्ता आणि पलीकडचे पाडे एका नजरेत येतात. मग विचारावे, 'बाळ, हे सारे येथेच का?' उत्तर त्याला लगेच येणार नाही. आपल्यालाही येणार नाही. पण पायऱ्या उतरताना दोघेही त्याच प्रश्नावर बोलत असाल, आणि आमच्या समजुतीप्रमाणे तोच या विषयाचा पहिला तास होय.