चाळीस फुटांखालचं हिरवं

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे येतात, आणि टेकडीवरचे गोलसर गोटे हातात घेऊन बघतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळ-सुपारीचा माल दगड होऊन पडला, अशी कथा. फुटलेल्या गोट्याच्या आत पांढरे स्फटिक दिसतात, त्यांच्याभोवती हिरवी साल. "जेड हाय जी, अंगठीत बसते," असं एकाने छातीठोक सांगितलं, आणि ते काही मला पटेना.

म्हणून हे हिरवं जमिनीखाली कुठे लागतं ते बघायला जवळच्या शिवारात विहीर खोदणाऱ्यांकडे गेलो. होल मारायचे, सुरुंग भरायचा, उडवायचा, मलबा क्रेनने वर काढायचा. स्फोटानंतर ओल्या दगडात मिसळलेला बारुदीचा वास बराच वेळ हटत नाही. खाली उतरणारा माणूस पन्नाशीचा असेल. धुरळ्याने पापण्यासुद्धा राखाडी. "४० फूट जी," तो म्हणाला. "तिथवर मांजऱ्या. त्याच्या खाली काळा, तो माणसाले खाते."

मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. पुढे पाझरणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्या भरल्या: आधी काठाला सेलॅडोनाइटची हिरवी माती, मग झिओलाइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट. गिरडचे गोटे ते हेच. भोवतालचा दगड झिजला, भरलेली पोकळी तेवढी उरली.

जेडचा जन्म याच्या अगदी उलट. जेड नावाने दोन खडक चालतात, नेफ्राइट आणि जेडाइट. ते वेगळे आहेत हे फ्रान्सच्या दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवलं. जेडाइट घडायला सागरतळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसावा लागतो. दाब प्रचंड, पण तापमान त्या मानाने कमी. वीस किलोमीटर किंवा त्याहून खोल, सर्पेंटिनाइटच्या कुशीत, सोडियमयुक्त द्रवातून ते साकारतं. म्यानमारच्या काचिन प्रांतातलं जेड असंच. नेफ्राइटला इतका दाब लागत नाही. पण त्यालाही सर्पेंटिनाइट किंवा डोलोमाइटचा शेजार हवाच.

म्हणजे दाबाने-उष्णतेने बदललेले, रूपांतरित खडक हवेत. मग इथे ते नाहीतच का? आहेत की. नागपूर-भंडाऱ्याच्या सौसर नावाच्या खडकगटात शिस्ट, संगमरवर, मँगनीज आहे. भंडाऱ्यात कायनाइट मिळतो. पण सौसरचं रूपांतर झालं ते दाबाच्या मानाने जास्त उष्णतेत, साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीचं पोटच जास्त तापलेलं होतं, आणि ज्ञात जेडाइट बहुतेक सारं त्यानंतरचं आहे. अंगठीत जेड म्हणून बसवतात तो खडा बहुधा हिरवा ॲव्हेंच्युरिन असावा. बाजारात त्यालाच 'इंडियन जेड' म्हणतात, आणि ते नाव खपतं.

४० फूट. हा आकडा विहिरीवरच्या त्या माणसाने दिवसभरात पुन्हा पुन्हा काढला. पाण्याची आशा त्याच ४० फुटांत, कारण कुजलेला, फटींचा मांजऱ्याच पाणी धरतो. खालचा घट्ट काळा पाषाण थेंब देत नाही. जेडमध्ये घट्टपणाला मोल असतं. विहिरीत तोच घट्टपणा नुकसान करतो. हे मी बोललो, तर त्याला त्यात विशेष वाटलं नाही.

त्याने मलब्यातला एक हिरवा तुकडा उचलून बोटांनी चुरला. पीठच झालं.

"जेड असतं तं असं चुरलं असतं का जी?" तो म्हणाला. "हिरवं लागलं की मी आधी बाजू पाहतो. इथं भित ढासळते. मंग खाली पाणी हाय का, ते मालकाले सांगतो."