चिठ्ठीवर लिहिले : रानात जाऊन या

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस देवरुखच्या बाजूचे एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. आजोबा माझे जुने पेशंट. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही सांभाळून असलेले. पण त्या दिवशी पेशंट नातू होता. वय १३ वर्षे, वजन ६८ किलो. तक्रारी तीन : डोके दुखते, रात्री लवकर झोप लागत नाही, जिना चढला की धाप लागते. तपासले. रक्तदाब वयाच्या मानाने वरच्या अंगाला होता. चष्म्याचा नंबर वर्षभरात दोनदा वाढलेला. दिनक्रम विचारला, तर सकाळी शाळा, दुपारी शिकवणी आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल. "खेळायला कधी जातोस?" असे विचारल्यावर मुलगा खाली बघत राहिला.

आजोबाच म्हणाले, "डॉक्टर, ह्याच्या वयाचा होतो तेव्हा मी दिवसातनं दोनदा डोंगर चढून उतरायचो. आमचं गाव वरती, चांदोलीच्या रानात होतं."

"मग ह्याला घेऊन एकदा वर जाऊन या की," मी सहज म्हणालो.

आजोबा हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते. "आता तिथं जायला परवानगी लागते, पास लागतो. ज्या गावात जन्मलो तिथं जायला मी पास काढू?"

मी निरुत्तर झालो. औषधाची चिठ्ठी लिहून दिली, आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचा लेख त्या प्रश्नातूनच निघाला आहे.

रान जवळ, वाट लांब

चांदोलीचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले आणि २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि आपला रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सीमा तिथे मिळतात. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तर २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातही या दोन्ही जंगलांचा समावेश आहे. अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांची दाट झाडी. गवे, अस्वले, बिबटे, शेकरू. आणि आपल्या नद्यांना पाणी पुरवणारे डोंगर. हे सारे आपल्या डोक्यावर, अगदी घाटमाथ्यावर आहे.

हे रान राखले गेले ते चांगलेच झाले. पण त्यासाठी आतली गावे उठली, हेही विसरता येत नाही. ज्यांनी घरे सोडली त्यांची नातवंडे आज खाली, रस्त्याकडेच्या वसाहतीत वाढत आहेत आणि त्यांना या रानातले एक झाडही ओळखता येत नाही.

आपल्या जिल्ह्याची गंमत पाहा. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरच्या माथ्यावर प्रचितगड उभा आहे आणि त्याच्या पलीकडे चांदोलीचे रान पसरले आहे. परंतु पर्यटकांचा नेहमीचा रस्ता सांगली जिल्ह्यातल्या वारणावतीकडून. म्हणजे रत्नागिरीकराने आंबा घाट चढायचा, मलकापूरवरून वळसा घालायचा आणि मग दाराशी पोचायचे. गाडी, मुक्काम, प्रवेश, वाटाड्या असा सगळा खर्च धरला तर ते स्वतःची मोटार असणाऱ्याचे काम. मिरकरवाड्यातल्या खलाशाच्या मुलीला, कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलाला किंवा धनगरवाड्यावरच्या पोराला ते जमायचे कसे? मुंबईत बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराला खेटून आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. आपले कितीतरी चाकरमानी त्याच्या आजूबाजूला राहतात. पण चाळीतल्या किती पोरांनी ते आतून पाहिले आहे, हे आपापल्या भाच्या-पुतण्यांना विचारून पाहा.

कोणी म्हणेल, "डॉक्टर, आमच्या बाया रोज लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन रानातूनच येतात. त्यांना कसले रान दाखवता?" बरोबर आहे. पण रानात राबणे वेगळे आणि रानात रमणे वेगळे. डोक्यावर वीस किलोची मोळी असताना मान वर करून शेकरू बघता येत नाही. त्या माऊलीच्या मुलीलाही एक दिवस हात मोकळे ठेवून रानात फिरता आले पाहिजे.

शास्त्र काय सांगते?

हे नुसते भावनेचे बोलणे नाही. १९८४ साली रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकाने एक साधी तुलना प्रसिद्ध केली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींना समोरची विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटे मुलांना जादा वेळ उघड्यावर ठेवले, काही शाळांत नेहमीसारखेच चालू दिले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा बाहेर खेळणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. उघड्यावरच्या भरपूर उजेडाचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. चष्मा लागायच्या आधीच मुलांना बाहेर काढले पाहिजे, हा त्यातला धडा.

तिसरी पाहणी इंग्लंडमधली, २०१९ सालची, सुमारे २० हजार लोकांची. आठवड्यातून एकूण दोन तास तरी हिरवळीत, झाडांत घालवणारे लोक स्वतःची प्रकृती आणि मन अधिक चांगले असल्याचे सांगत होते. अर्थात, मुळात ज्यांची प्रकृती चांगली तेच जास्त बाहेर जातात, असेही असू शकते. त्यामुळे या एका पाहणीवरून फार मोठा दावा करू नये. पण ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचा व्यायाम करावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहेच. तो व्यायाम झाडांच्या सावलीत झाला तर मुलाला व्यायाम वाटत नाही, खेळ वाटतो.

म्हणूनच काही देशांनी पाऊल उचलले. २०१५ साली अमेरिकेने चौथीतल्या प्रत्येक मुलाला कुटुंबासह राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर मोफत प्रवेशाचा पास देण्याची योजना काढली. २०१८ साली स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर निसर्गात फिरण्याची चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. २०२२ साली कॅनडातल्या डॉक्टरांना रुग्णांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास लिहून देण्याची सोय झाली. आपणही तसे काही करायला हरकत नाही.

एक सहल

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांशी बोललो. त्यांची शाळा दरवर्षी सहलीला पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या ठिकाणी नेते. यंदा चांदोलीला जाऊ, असे त्यांनी ठरवले. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे खर्च आवाक्यात आला. तरी काही मुलांचे पैसे जमत नव्हते; ते गावातल्या चार दुकानदारांनी मिळून भरले. डिसेंबरात ४२ मुले-मुली निघाली. औषधांची पेटी घेऊन मीही बरोबर गेलो. आजोबांचा नातू त्यात होता.

पहिला तासभर नुसता गोंगाट. मग वाटाड्या तरुणाने सर्वांना थांबवले आणि समोरच्या उतारावर बोट दाखवले. गव्यांचा कळप चरत होता. ४२ मुले एकदम गप्प झाली. इतकी शांतता त्या शिक्षकांना वर्गात कधी मिळाली नव्हती, असे त्यांनीच मला सांगितले. आमचा पेशंट दोनदा दम खायला बसला, पण चालला पूर्ण. वाटाड्याने सांगितलेल्या ११ झाडांची नावे त्याने वहीत लिहून घेतली.

पुढचे आजोबांनी सांगितले. नातवाने घरी येऊन वही वाचली. आजोबांनी तीन नावे दुरुस्त केली आणि आणखी वीस सांगितली; कुठले लाकूड नांगराला, कुठला पाला गुरांना, कुठले फळ कोणत्या महिन्यात. मग गावच्या देवराईत यातली कुठली झाडे आहेत ते बघायला दोघे निघाले. आता रोज संध्याकाळी पाऊण तास आजोबा आणि नातू चालायला जातात.

चार महिन्यांनी मुलाचे वजन दोन किलोने उतरले होते आणि उंची वाढली होती. डोकेदुखी कमी झाली होती, कारण झोप लागू लागली होती. आजोबांची साखरही थोडी खाली आली. एका सहलीने हे झाले असे मी म्हणणार नाही. रोजच्या चालण्याने झाले. पण त्या चालण्याला निमित्त त्या सहलीने दिले.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर

आता थोडे वैद्यकीय. मुलांना रानात नेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. दमा, फिट्स किंवा मधुमेह असलेल्या मुलांची औषधे शिक्षकांच्या पिशवीत असावीत, मुलांच्या नव्हे. सहलीला जाण्यात अशा मुलांना आडकाठी करू नये.

२. पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब पँट, मोजे आणि बंद बूट. चपला नकोत. पाणी घरून न्यावे, ओढ्याचे पिऊ नये.

३. आपल्या कातळावर आणि दगडांखाली फुरसे असते. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. तो अवयव न हलवता आधार देऊन १०८ ला फोन करावा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

४. विंचू चावून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर लगेच रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर उपयोगी असल्याचे दाखवून दिल्यापासून कोकणातले असंख्य जीव वाचले आहेत.

५. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे धुवायला टाकणे आणि काखेत, जांघेत, कानामागे गोचीड चिकटली आहे का ते पाहणे.

६. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आवर्जून सांगावे. अंगावर कुठे काळी खपली असेल तर तीही दाखवावी. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती, हे आपण विसरू नये. वेळेवर सांगितले तर निदान लवकर होते.

चांदोली वर्षातून एकदा. पण आठवड्याचे दोन तास गावातच मिळतात. देवराई आहे, पावसाळ्यानंतर फुलांनी भरलेला सडा आहे, उक्षी आणि कशेळीची कातळशिल्पे आहेत, हंगामात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे धावणारी कासवाची पिले आहेत. याला पैसे फारसे लागत नाहीत, घरातल्या एका मोठ्या माणसाचा वेळ लागतो. मुलगा जातो तिथे मुलीलाही न्यावे, एवढे मात्र पालकांना माझे सांगणे आहे.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. ते अजून वर गेलेले नाहीत. नातवाने दोनदा विचारले, तर म्हणाले, "बघू." ज्यांनी या रानासाठी घरे सोडली, त्यांच्या नातवंडांना त्या रानात पहिल्या मानाने न्यावे, बरोबर त्यांच्या आजी-आजोबांनाही न्यावे आणि त्या दिवशी त्यांच्याकडून पासाचे पैसे घेऊ नयेत, असे मला वाटते. वनखाते, शाळा आणि आपल्यासारखे चार नागरिक एकत्र आले तर ते अवघड नाही. वाटाड्याला ११ झाडे दाखवता आली. आजोबांना आणखी वीस ठाऊक आहेत. ते आहेत तोवर ऐकून घेतले पाहिजे.

त्यांच्या पुढच्या चिठ्ठीवर साखरेच्या गोळीखाली मी एक ओळ लिहून ठेवली आहे : "नातवाबरोबर वर जाऊन यावे. एकदा." गाडीची सोय मी करतो, असेही सांगितले आहे. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. या वेळी नाही म्हणाले नाहीत.