सीताफळ, जांभूळ आणि खडेमीठ

चैत्र पौर्णिमा सरली की दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या महाकाळेश्वराच्या पिंडीवर मातीचे अकरा कलश बांधतात. त्यांना नद्यांची नावं दिलेली असतात आणि ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत रोज त्यांतून पाण्याची धार ठिबकत राहते. या व्यवस्थेला गलंतिका म्हणतात. उत्तरेच्या पंचांगात तो वैशाखाचा पहिला दिवस, आपल्या पंचांगात चैत्र वद्य प्रतिपदा. म्हणजे देवाला गारवा द्यायला सुरुवात होते तेव्हा गावातल्या मराठी घरांत चैत्रगौर झोपाळ्यावरच असते आणि हळदीकुंकवाला पन्हं असतं. राणोजी शिंद्यांनी इथे राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारलं, तेव्हापासून मराठी माणसाचं या गावाशी नातं आहे.

हेच पन्हं साच्यात ओतून गोठवलं तर काय होतं, ते बघण्यासारखं आहे. साखरेचं पन्हं बऱ्यापैकी टणक होतं, गुळाचं थोडं मऊ राहतं. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. त्यांचे रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचे, म्हणून तेवढ्याच वजनात संख्येने जास्त. आणि पाण्याला गोठू न देण्याच्या कामात रेणूंची संख्या मोजली जाते. पाणी थिजू लागलं की साखर उरलेल्या पाण्यात गोळा होत जाते, ते पाणी अधिकाधिक दाट होतं आणि घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही त्यातलं थोडं पातळच राहतं. चमचा आत शिरतो तो या न थिजलेल्या पाकामुळे. साखर कमी करायची म्हणून निम्मी घातली की दगड तयार होतो. शिवाय गारठलेल्या जिभेला गोडी कमी लागते. तेव्हा मिश्रण चाखताना ते पिण्याच्या पन्ह्यापेक्षा किंचित जास्त गोड लागलं पाहिजे.

साखर गोठू देत नाही, तसंच मीठही. क्षार वापरून गारवा आणण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने पाणी गार करण्याची कृती दिली आहे: शेरभर पाण्याची सुरई, पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा, आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवायची. बादशहाचा मुक्काम १५८६च्या सुमारास पंजाबात गेल्यावर डोंगरातलं बर्फही वापरात आलं. हा शाही थाट होता. मुंबईत अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागलं ते १८३४ साली, आणि १८४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटचं पेटंट घेतलं. लाकडी बादली, आत धातूचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. आपल्या कितीतरी घरांत लग्नामुंजीला जे आइस्क्रीम झालं, ते याच यंत्रावर.

पॉट आजही मिळतो आणि माझ्या मते फ्रीझरपेक्षा तो कितीतरी सरस आहे. तीन भाग बर्फाला एक भाग खडेमीठ घेतलं की मिश्रण शून्याखाली बरंच उतरतं. मीठ-पाण्याच्या जोडीची तळमर्यादा सुमारे उणे २१ अंश. बर्फाचा एक ग्रॅम वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो आणि ती ओढतो डब्यातल्या रसातून. हात फिरत असल्यामुळे बर्फाचे कण मोठे व्हायला सवड मिळत नाही. फ्रीझरमध्ये रस निवांत पडून असतो, म्हणून कण वाढतात. पॉट नसेल तर रस पसरट स्टीलच्या डब्यात ओतावा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडावा. एकच काळजी घ्यावी: भोवती घालायचं लादीचं बर्फ खाद्य नसतं. त्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती झाली, ती याच घोटाळ्यामुळे.

पण मला खरं बोलायचं आहे ते फळांबद्दल. कारखान्याला बारा महिने एकाच चवीचा गर लागतो. हापूस, स्ट्रॉबेरी हे त्याला परवडतं. फालसा तोडल्यावर दोन दिवसही टिकत नाही. पिकलेलं जांभूळ टोपलीत रात्रभरात फुटतं. खिरणी फार लांब जात नाही. माळव्याची ही फळं दूरच्या माणसाला कळतच नाहीत. घरचं बर्फच त्यांना सांभाळू शकतं, कारण घराला वर्षभराचा पुरवठा नको असतो, त्या आठवड्यातली एक टोपली पुरते.

जांभळाचंच घ्या. ‘मेघदूता’त मेघ उज्जयिनीच्या वाटेवर आहे आणि दशार्ण देशाची वनं पिकल्या जांभळांनी काळवंडली आहेत. जांभूळ आणि पहिला पाऊस यांची ही गाठ कालिदासाने अचूक टिपली. आजही माळव्यात जून-जुलैतच जांभळं येतात. त्यांत दूध घालू नये. त्यांच्या आंबटपणाने दूध फाटू शकतं आणि रंगही मळकट होतो. गर चाळणीवर चोळून काढावा, साखर, चिमूटभर काळं मीठ, थोडा लिंबाचा रस घालावा. लिंबाने जांभळा रंग लालसर उजळतो. तुरटपणा राहतो, तो राहू द्यावा. जांभळाची ओळखच ती आहे.

सीताफळाची गोष्ट उलटी. त्याला दूध हवंच, पण आच अजिबात नको. गर साधारण ५५ अंशांपुढे तापला की कडवट होतो, म्हणून बासुंदी आटवून पूर्ण गार झाल्यावरच तो मिसळायचा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवण्याचा मोह टाळावा: बी विषारी असते आणि तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. लिटरभर दूध निम्मं आटवा, चार-पाच मध्यम सीताफळांचा हाताने चोळून काढलेला गर घाला, साखर जेमतेम तीन-चार चमचे. साच्यांत भरून रात्रभर ठेवा. गरच इतका दाट असतो की क्रीमची गरज पडत नाही. मुंबईत जुहूला १९८४ मध्ये रघुनंदन कामथ यांनी फळांच्या आइस्क्रीमचं छोटं दुकान थाटलं, तेव्हा पहिल्या मोजक्या चवींत सीताफळ होतं. मंगळुरूच्या फळविक्रेत्याचा हा मुलगा फळ ओळखून होता, आणि जे त्याला दुकानात साधलं ते आपल्याला घरात साधायला काहीच हरकत नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा मांडूच्या डोंगरउतारांवरची सीताफळं बाजारात आलेली असतील. डोळे मोठे झालेली, किंचित दबणारी निवडा. कडक घेतलीत तर दोन दिवस बाहेर पिकू द्या. आणि फळ विकणाऱ्या बाईशी दरावरून घासाघीस करू नका. टोपली उतारावरून खाली आणण्याचे कष्ट तिचे आहेत.

अंगणात जागा असेल तर पावसाळ्यात फालशाचं एक रोप लावा. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी करा. झुडूप फार जागा घेत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मे-जूनमध्ये फळ देतं. त्या फळाची वाट बघत बाजारात फिरण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे.