घरचा प्रिंटर अडून बसतो तेव्हा

एक काळ असा होता की साधा अर्ज टाइप करायचा म्हटले तरी तहसील कचेरीसमोरच्या टायपिस्टपुढे ताटकळत बसावे लागे. आज आमच्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावीही मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरात, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून, जुनापाना का होईना कॉम्प्युटर आला आहे. त्याच्या शेजारी एखादा प्रिंटरही दिसतो. परंतु वस्तू घरात येणे वेगळे आणि ती अडली असता तिचे कारण शोधता येणे वेगळे. हा धडा आम्हाला एका रात्रीत मिळाला. तो वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावा म्हणून येथे सांगतो.

आमची थोरली लेक बारावी झाली. पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरला. आता त्याची छापील प्रत आणि कागदपत्रे घेऊन यवतमाळला समितीच्या कार्यालयात जायचे होते. सकाळची एसटी, महागाव-आर्णीवरून. रात्रीचे नऊ वाजलेले, बाजारातली झेरॉक्सची दुकाने बंद. लेकीने प्रिंटचे बटण दाबले. प्रिंटर गप्प! पुन्हा दाबले, आम्हीही दाबले. असे अकरा वेळा झाले. पडद्यावर एकच शब्द : 'ऑफलाइन'.

आमचा पारा चढला. "सेकंडहँड वस्तू घेतली तेव्हाच म्हटलं होतं!" म्हणून आम्ही धाकट्यावर ओरडलो. तेव्हा पोळ्या लाटता लाटता घरधनीण म्हणाली, "पोरावर काऊन ओरडता? मिक्सर चालत नसला की आपण आधी काय पाहतो? बिघाड मिक्सरमध्ये आहे का बोर्डात, हेच ना?"

तिने दुखण्यावर नेमके बोट ठेवले. प्रिंटर, केबल आणि कॉम्प्युटर अशी ही तीन जणांची साखळी आहे. त्यात तुटले कुठे, हे पाहिल्याशिवाय आदळआपट करण्यात अर्थ नाही.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

केबल काढून ठेवा आणि प्रिंटरला एकट्यालाच एक पान काढायला सांगा. बहुतेक प्रिंटरवर एखादे बटण काही सेकंद दाबून धरले की चाचणीचे पान निघते. कोणते बटण, ते माहितीपुस्तिकेत असते. पान नीट निघाले तर शाई, कागद आणि यंत्र ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. पान निघालेच नाही तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. आमचे पान स्वच्छ निघाले आणि अर्धी काळजी मिटली.

मग रांग मोकळी करा

आपण बटण दाबले की मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. कॉम्प्युटरमध्ये त्याची रांग लागते. ती सांभाळणाऱ्या कारकुनाला विंडोजमध्ये 'प्रिंट स्पूलर' म्हणतात. रांगेतला पहिलाच कागद अडला तर मागचे सारे खोळंबतात. आम्ही तर अकरा जणांना उभे केले होते! प्रिंटरची खिडकी उघडून ही कामे रद्द करावीत. तरीही एखादे हटत नसेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवावा, सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधील फायली काढाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर मात्र काढू नये, फक्त आतल्या फायली काढाव्यात.

ऑफलाइन म्हणजे काय?

रांग रिकामी झाली तरी 'ऑफलाइन' काही जाईना. तेव्हा लेकीच्या लक्षात आले की यादीत आमच्या प्रिंटरचे नाव दोनदा आहे. दुसऱ्या नावापुढे 'कॉपी १' असे लिहिलेले. उलगडा झाला! सकाळी झाडलोट करताना आम्हीच केबल उपसली होती आणि नंतर भलत्याच खाचेत खोचली होती. कॉम्प्युटरला वाटले, घरात दुसराच प्रिंटर आला. तो जुन्या खाचेवरच्या प्रिंटरची वाट पाहत बसला आणि तिथे कोणी नव्हते. केबल जुन्या जागी लावताच पहिल्या झटक्यात पान बाहेर पडले. अकरा कामे आधी रद्द केली नसती, तर अर्जाच्या अकरा प्रती निघून कागद वाया गेला असता.

चूक आमची होती आणि ओरडलो होतो पोरावर. त्याला जवळ घेऊन तसे कबूल केले. लेकीने आईच्या नखाचा रंग घेऊन त्या खाचेवर एक ठिपका दिला. सकाळच्या एसटीने बापलेक यवतमाळला गेलो आणि कागद वेळेत पोचले.

आणखी काही नेहमीच्या अडचणी

कधी प्रिंटर चालू असतो, पण काम भलतीकडेच जाते. यादीत 'प्रिंट टू पीडीएफ' नावाचाही एक प्रिंटर असतो. तो कागदावर छापत नाही, नुसती फाइल तयार करतो. म्हणून बटण दाबण्यापूर्वी वर कोणाचे नाव आहे ते वाचावे.

जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडताना ड्रायव्हरची अडचण येते. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. ३२ बिटच्या विंडोजसाठी केलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच आहे. म्हणून जुना प्रिंटर विकत घेण्याआधी त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का, याची खात्री करावी.

मराठी मजकुराऐवजी चौकोन किंवा अगम्य अक्षरे छापून आली तर दोष बहुधा फॉन्टचा असतो. अर्ज आधी पीडीएफ करून घ्यावा. तरीही अक्षरे बिघडली तर ॲडोबी रीडरमधील 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय निवडावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण पडद्यावर दिसते तेच कागदावर येते.

शाईचा प्रिंटर उन्हाळ्यात महिनोन् महिने पडून राहिला तर शाई वाळून छिद्रे बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. साफसफाईचा आदेश मात्र उठसूट देऊ नये, त्यात बरीच शाई वाया जाते. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून गठ्ठा पिशवीत बांधून ठेवावा. लेसर प्रिंटर घरच्या लहान यूपीएसवर लावू नये. आतला तापक एकदम पुष्कळ वीज ओढतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंटरनेटवर 'प्रिंटर हेल्पलाइन' म्हणून दिसेल त्या नंबरला फोन करू नका. त्यांत ठगही असतात. दुरुस्तीच्या नावाखाली कॉम्प्युटरचा ताबा मागतात आणि बँकेचे खाते रिकामे करतात. कंपनीचा नंबर माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये.

एका प्रिंटरने घडवलेला बदल

प्रिंटरने फक्त आम्हालाच छळले असे समजू नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर होते. तिथे झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके आणि दूर बसलेल्यांना ते कळतही नसे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमन यांनी कागद अडल्याची सूचना देण्याची सोय केली होती. नव्याचा प्रोग्राम मात्र त्यांना पाहायलाच मिळाला नाही. ज्ञान असे कुलूपबंद ठेवणे त्यांना पटले नाही. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा प्रोग्रामांचे काम जाहीर केले. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सची त्यात भर पडली. आज जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स फुकट बसवता येते आणि विंडोजवर चालेनासे झालेले कित्येक जुने प्रिंटर त्यावर चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबली. ज्यांच्याकडे ते कॉम्प्युटर आहेत, त्यांनी या पर्यायाचा जरूर विचार करावा.

बंधू-भगिनींनो, यंत्र रुसत नाही आणि कोणाच्या नशिबाने बिघडतही नाही. त्याला कारण असते आणि कारण शोधता येते. आमच्या घरी ते बारावी झालेल्या पोरीने आणि पोळ्या लाटणाऱ्या तिच्या आईने शोधले. म्हणून घरात कॉम्प्युटर आणला असेल तर त्यावर झाकण घालून ठेवू नका. मुलींच्या हाती द्या, घरातल्या बायांनाही पुढे बसवा. आणि हो, केबल उपसण्याआधी ती कोणत्या खाचेत होती, तेवढे मात्र पाहून ठेवा!