दुखत नाही, म्हणूनच जायचं!

पुणे-मुंबई एक्स्प्रेस-वे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पावसाळ्यातले धबधबे, फूड मॉलवरचा गरमागरम वडा आणि गाडीत कुणाची गाणी लावायची यावरून भांडणं. बरोबर? मलाही हेच आठवायचं. २०१८ पर्यंत. त्या वर्षी चाकणजवळ माझ्या दादाची बाइक घसरली, छातीच्या भागातला दहावा मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला आणि बेंबीखालचं सगळं गप्प झालं.

तेव्हापासून एक्स्प्रेस-वे म्हणजे आमची वार्षिक चेकअपची वारी. पुण्यात डॉक्टर नाहीत का, असं तुम्ही विचाराल. आहेत की, ढिगाने आहेत. पण दादाचं ऑपरेशन, पुढचं रिहॅबिलिटेशन, जाडजूड फाइल सगळं मुंबईतल्या एका स्पेशालिस्ट हॉस्पिटलात. किडनी, ब्लॅडर, कातडी, हाडं बघणारी माणसं तिथे एका छपराखाली भेटतात. अशा जागा आपल्याकडे मोजक्याच. कुणी दिल्लीच्या स्पायनल इंज्युरीज सेंटरला जातं, कुणी वेल्लोरच्या सीएमसीला, कुणी मुंबईत हाजी अलीच्या सरकारी संस्थेत.

यंदा आम्ही निघालो पहाटे साडेपाचला, पण तयारी आदल्या दिवसापासून. मिसळ बंद, फक्त वरण-भात. पोटाचं टाइमटेबल चुकलं तर रस्त्यात वाट लागते. मग पॅकिंग : सहा कॅथेटर, जेली, सॅनिटायझर, वाइप्स, दोन जादा पँट, व्हीलचेअरची गादी, हवा भरायचा पंप आणि फाइल. ‘‘एवढं सामान लोक हनिमूनलाही नेत नाहीत गं,’’ दादा म्हणाला.

लघवी लागल्याचं त्याला कळत नाही. म्हणून दर चार ते सहा तासांनी, घड्याळ बघून, पातळ नळी घालून ब्लॅडर रिकामं करायचं. शिवाय गाडीत दर अर्ध्या तासाने माझा मोबाइल वाजतो. मग दादा दोन्ही हातांवर जोर देऊन अंग सीटवरून उचलतो. आपण ऑफिसच्या खुर्चीत नकळत चुळबुळ करतो ना, ती त्याला ठरवून करावी लागते. नाही केली तर दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही आणि जखम होते. ती भरायला कधीकधी महिने लागतात.

फूड मॉलवर व्हीलचेअरचं चित्र असलेला दरवाजा होता. त्याला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे? सुपरवायझरकडे. सुपरवायझर कुठे? चहाला. वीस मिनिटांनी दार उघडलं तर आत बादल्या, पोछे आणि फिनेलचे कॅन. शेवटी गाडीच्या काचांना माझ्या ओढण्या लावून दादाने काम उरकलं. मी बाहेर वॉचमनसारखी उभी, हातात गार झालेला वडा. यावर सोपा उपाय म्हणजे प्रवासात पाणीच न पिणं. दादा आधी तेच करायचा. डॉक्टरांनी झापलं तेव्हा कळलं, की पाणी कमी केलं की इन्फेक्शनची शक्यता वाढते.

हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये लातूरकडचे एक काका होते. रात्रभर जीपमध्ये बसून आलेले. गाडीत जागा होईना म्हणून मुलाने व्हीलचेअरची गादी घरीच ठेवली होती. सिस्टरनी तपासलं तर माकडहाडापाशी लालभडक चट्टा. जखमा होऊ नयेत म्हणून चेकअप, आणि चेकअपला येता येता चट्टा! मुलाचा चेहरा बघवत नव्हता.

हे चेकअप इतकं महत्त्वाचं का? १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा पेशंटसाठी खास विभाग सुरू केला. त्याआधी बहुतेक पेशंट बेडसोर नाहीतर लघवीच्या इन्फेक्शनने दगावायचे. गुटमननी दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम घातला, पेशंटना खेळायलाही लावलं. १९४८ मध्ये तिथे झालेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक आलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गहून पोहण्याचं गोल्ड घेऊन आले, ते याच पॅरालिम्पिकमधून.

आता खरं सांगते. गेल्या वर्षी आम्ही चेकअपला गेलोच नाही. आधी दादाचं रिलीज, मग माझी कव्हर स्टोरी. ‘‘पुढच्या महिन्यात जाऊ रे, ठणठणीत तर आहेस,’’ हे मीच म्हणाले होते.

यंदा सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसली.

‘‘पण मला काहीच दुखलं नाही,’’ दादा म्हणाला.

‘‘तुम्हाला दुखणार नाही. तुमच्या किडनीच्या वतीने तक्रार करायला हे मशीन आहे,’’ डॉक्टर शांतपणे म्हणाल्या.

मग ब्लॅडरमध्ये हळूहळू पाणी भरून आतला दाब मोजला. तो ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर राहिला, तर किडनीला धोका वाढतो. दादाचा वर होता. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल! डॉक्टरांनी समजावलं, पायांचे स्नायू बारीक झाले की क्रिएटिनिन मुळात कमीच तयार होतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर विसंबायचं नाही. गोळीचा डोस वाढला, नळीच्या वेळा बदलल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. वेळेत आलात, असंही त्या म्हणाल्या. मला तो ‘वेळेत’ शब्द टोचला.

परतताना कुणीच गाणी लावली नाहीत. घाट चढताना मोबाइल वाजला, दादाने अंग उचललं, मग पाण्याची बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली.

‘‘सॉरी,’’ मी म्हटलं.

‘‘सॉरी राहू दे. तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरमध्ये टाक. आणि येताना त्या सुपरवायझरचा नंबर घे.’’

सोबत जाताय? मग एवढं कराच

• कुशन गाडीतही वापरायचं. जागा नसेल तर दुसरी बॅग घरी ठेवा, कुशन नाही.

• दर अर्ध्या तासाचा अलार्म तुमच्या मोबाइलमध्ये लावा. पेशंटला डुलकी लागू शकते.

• कॅथेटर लागतील त्यापेक्षा दोन जास्त घ्या.

• हॉस्पिटलला आधी फोन करा : सगळ्या तपासण्या एकाच दिवशी होतील का? टेबलावर उचलून ठेवायला माणसं आहेत का?

• टीममधला कुणी या चेकअपसाठी रजा मागत असेल, तर ‘बरा तर दिसतोयस’ असं म्हणू नका.