वसईसमोरचा चुनखडीचा समुद्रतळ
(खडकांतले हवामान : लेखांक ६)

तुंगारेश्वर आणि जीवदानीच्या डोंगरांतला काळा पाषाण आपण मागच्या आठवड्यात पाहिला. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जुरासिक काळ त्याच्या कितीतरी आधीचा, २०.१ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा जुरासिक समुद्रातले शंखशिंपले आपल्या डोंगरांत शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी कच्छ गाठायला हवे.

आफ्रिका आणि भारत एकमेकांपासून दुरावू लागले, मधल्या फटीतून समुद्र आत शिरला आणि त्याचा गाळ कच्छमध्ये साचला. विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात तिथल्या अ‍ॅमोनाइटांवर लिहिलेला ग्रंथ आजही चाळला जातो. या शंखधारी, माखलीच्या नात्यातल्या प्राण्यांचे अवशेष तिथे विपुल आहेत. तिथल्या कवचांतून त्या काळच्या पाण्याचे तापमानही काढता येते. पाणी थंड असले की कवचात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. प्रयोगशाळेत ते प्रमाण मोजतात.

कच्छमधला ‘धोसा ऊलाइट’ हा थर सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. खडकात गाबोळीसारखे बारीक गोल दाणे असतात, तेच ऊलाइट. धोशाचे दाणे लोहयुक्त आहेत. या थराच्या माथ्यावर खडकगोट्यांचा एक पातळ पट्टा येतो आणि तेवढ्याशा जाडीत लाखो वर्षे दबलेली आहेत. समुद्राची पातळी चढली, किनारा मागे हटला, नद्यांचा गाळ दूरवरच अडकून राहिला. तळावर नवे काही पडेना, आणि जुनेच लाटांनी उकरले जात राहिले. मला हा पट्टा कच्छमधला सर्वात बोलका थर वाटतो, कारण गाळ न साचणे हाही पुरावा असतो हे तो दाखवतो.

आता आपल्या समुद्राकडे वळू. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. बर्फात पाणी अडकल्यामुळे जगभर समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईजवळचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा भूभाग, फार रुंद आणि उथळ असल्यामुळे किनारा पश्चिमेला खूप दूर सरकला. आज तेलविहिरी असलेला बॉम्बे हायचा भाग किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. तेव्हा तो कोरडी जमीन होता. अर्नाळ्याची किंवा पाचूबंदरची होडी आज ज्या पाण्यात जाळे टाकते, तिथे त्या काळी माणूस पायी चालू शकला असता.

पुढे बर्फ वितळला, समुद्र चढू लागला. मुंबईसमोर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचा सपाट तळ आहे. त्यावर चुन्याचे ऊलाइट सापडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले आर. आर. नायर आणि एन. एच. हाशिमी यांनी १९८० साली त्यांचा अर्थ लावला. दाण्यांचे वय साधारण ९,००० ते ११,००० वर्षे. असा दाणा उबदार, उथळ, हलत्या आणि मुख्य म्हणजे स्वच्छ पाण्यात तयार होतो. नदीचा चिखल आला की ही क्रिया थांबते. मग नर्मदा-तापीचा गढूळ लोट त्या वेळी कुठे होता? त्यांचे उत्तर असे, की पाऊस कमी होता, नद्या क्षीण होत्या. पुढे मोसमी पाऊस बळावला, गाळ वाढला आणि चुनखडीचे दाणे बनणे थांबले.

धोशाचे लोहदाणे आणि आपल्यासमोरचे चुन्याचे दाणे एकाच पद्धतीने घडले, असे मात्र समजू नये. दोन्हीकडे नदीचा गाळ पोचला नव्हता; पण कच्छमध्ये त्यामागे मुख्यतः चढता समुद्र होता, तर इथे कोरडे हवामान.

आणखी एक प्रश्न उरतो. इतक्या हजार वर्षांच्या पावसाळ्यांनी हे दाणे गाडले कसे नाहीत? नद्यांनी आणलेला चिखल बहुतांशी किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यात बसतो. वैतरणा आणि उल्हास खाडीच्या मुखाशी तो चिखल आपण रोज पाहतो. बाहेरच्या खोल मंचावर तो फारच थोडा पोचतो, म्हणून दहा हजार वर्षांपूर्वीचा तळ अजून उघडा पडलेला आहे.

पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या करळ दगडाकडे जाऊ. शंख आणि वाळू चुन्याने सांधून बनलेला हा दगड समुद्र आजच्या पातळीजवळ आल्यानंतरचा आहे.